दुसरी कापणी

त्या संशोधन केंद्रात तिला सगळे मुळंवाल्या बाई म्हणत. नाव होतं तिला, हजेरीपटावर ते नीट लिहिलेलंही होतं, पण शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत कुणी ते घेत नसे. चौदा वर्षं ती तिथे मुळं धूत होती. दर अकरा महिन्यांनी तिचा करार संपायचा, मधला एक महिना ती घरी बसायची आणि मग पुन्हा बोलावणं यायचं. न बोलावून करतात काय? तिच्यासारखी मुळं धुणारं दुसरं कुणी नव्हतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण ते भल्याभल्यांना घाम फोडणारं काम होतं. खाऱ्या जमिनीत जनावरांचा चारा कसा तगवता येईल, हे शोधायचं काम त्या विभागाकडे होतं. काचघरात माणसाच्या उंचीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या रांगेने उभ्या असत. त्यांत वाळू, वाळूत लसूणघासाची रोपं आणि वरून मोजूनमापून दिलेलं मिठाचं पाणी. ठरलेल्या दिवशी नळी उभी चिरायची, वाळूचा तो लांबलचक ठोकळा जाळीवर आडवा करायचा आणि नळाची बारीक धार सोडून वाळू कणाकणाने काढायची. मुळं केसाहून बारीक. धार जरा नेटाने लागली की तुटलीच म्हणून समजा. मग ती काचेच्या ताटात पाण्यावर पसरायची, यंत्राखाली त्यांची लांबी मोजायची, भट्टीत वाळवायची, त्यांची राख करायची आणि राखेचं पाणी ज्योतीत फवारायचं. ज्योत जितकी पिवळी, तितकं मुळात मीठ जास्त शिरलेलं. नव्याने लागलेली पोरं-पोरी आठवडाभरात कंटाळून संगणकासमोरची जागा मागायची. ही मात्र रबरी बूट घालून दिवसभर त्या जाळीपाशी उभी असे. संध्याकाळपर्यंत बोटं फुगून पांढरी पडत. नखांत वाळू तर कायमचीच.

विभागात एक जुना विनोद होता. 'इथे सगळेच खाल्ल्या मिठाला जागतात. जो जागत नाही त्याचा करार वाढत नाही.' सगळ्यांत मोठ्याने त्यावर विभागप्रमुखच हसत. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. बारा वर्षं त्यांनी खाऱ्या मातीत डोकं घातलं होतं आणि हाती म्हणावं असं काही लागलं नव्हतं. त्यांच्या मागून आलेले दोघं वरच्या पदांवर जाऊन बसले होते. हे शल्य ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण त्या दोघांची नावं निघाली की चष्मा काढून पुसायला घेत.

सरांच्या डोक्यात एक कल्पना होती. मुळाला कोरड किंवा मीठ जाणवलं की ते एक संप्रेरक तयार करतं. संप्रेरक म्हणजे झाडाच्या अंगातला निरोप्याच. तो वर पानांकडे जातो आणि सांगतो, तोंडं मिटा, पाणी जपून वापरा. मुळाला सांगतो, साल जाड करा, मीठ आत घेऊ नका. पण रोपाला हा निरोप मिळेपर्यंत उशीर झालेला असतो, मीठ उंबऱ्याच्या आत आलेलं असतं. मग बी पेरण्याआधीच त्या संप्रेरकाच्या पाण्यात भिजवलं तर? निरोप जन्मापासूनच हाती राहील.

कल्पना नामी होती, फक्त बी उगवेना. दोनदा भिजवलं, दोन्हीदा वाळूत तसंच झोपून राहिलं. सर हात टेकायला आले होते, तेव्हा ही जाळीपाशी उभ्या उभ्या म्हणाली, "सर, लहान तोंडी मोठा घास होईल, पण हा निरोप मुळात 'थांब' असाच आहे ना? आपण बियाण्याला इतक्यांदा थांब म्हणतोय की ते उठतच नाहीये. औषध चौथ्या हिश्शावर आणू, चारच तास भिजवू आणि सावलीत वाळवून मग पेरू."

सरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "करून बघा," म्हणाले.

तिने करून बघितलं. सहा आठवड्यांनी शंभरातली ऐंशी रोपं खाऱ्या पाण्यावर हिरवीगार उभी होती, शेजारच्या साध्या बियाण्याची निम्मी वाळून गेली होती. तिने नळ्या चिरल्या तेव्हा आतून पांढरी, लांब, सरळ खाली गेलेली मुळं निघाली. ज्योत फिकी, जवळजवळ निळीच. त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने तिला चहा आणून दिला. "आपण जिंकलो, बाई," असंही म्हणाले.

महिन्याभरात पत्रक छापून आलं. त्यावर दोन तळहातांवर तोलून धरलेलं ते मूळ होतं. हात तिचे होते. फोटो मनगटांपाशी संपला होता आणि खाली सरांचं नाव होतं. तिला राग आला का? आला थोडा. पण तिने एक पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं, कारण ते तिला दाखवायचं होतं एका माणसाला.

तो माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील कधीच गेलेले. माहेर म्हणा, घर म्हणा, सगळं त्या भावापाशी येऊन थांबत होतं. लहानपणी शिकवणं एकालाच परवडण्यासारखं होतं आणि ही वर्गात पहिली यायची. तेव्हा तिच्या वाट्याला शाळा आली नि त्याच्या वाट्याला गायी. त्याने यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट गावात कुणी भेटलं की छाती काढून सांगायचा, "आमची ताई शास्त्रज्ञ आहे." तिने दहादा सांगितलं असेल, अरे मी शास्त्रज्ञ नाही, मी मुळं धुते. तो म्हणायचा, "तेच ते."

बसने दीड तासावर, खाडीच्या अंगाला त्याची जमीन होती. अकरा गायी होत्या. घराजवळच्या उंच पट्ट्या बऱ्या होत्या, पण खालचा मोठा तुकडा खाडीच्या झिरपणाऱ्या पाण्याने खारवलेला. तिथे काही पेरलेलं नव्हतं. राठ, चिवट, गुडघाभर उंचीचं गवत आपलं आपण वाढायचं. गायी ते नाखुशीनेच खायच्या आणि दूधही बेताचंच द्यायच्या, पण सगळीकडे वाळवंट झालं तरी तो तुकडा हिरवा असायचा. भाऊ त्याला चेष्टेने म्हातारा म्हणायचा. "म्हातारा काही देत नाही, पण उपाशीही ठेवत नाही."

तिने पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चित्र पाहिलं आणि हसला. "हे हात तुझे गं! आतल्या बाजूचा हा डाग चुलीवर पडलीस तेव्हाचा." मग पत्रक उलटं करून ठेवलं. "ह्यात लिहिलेलं राहू दे. तू सांग. चालतं का हे?"

"मी माझ्या हाताने मुळं मोजली आहेत रे," ती म्हणाली. "चालतं."

हे तिने सांगितलं तेव्हा ते खरं होतं. म्हणजे, तिला जेवढं माहीत होतं तेवढं खरं होतं.

भावजय दारात उभी होती. बाई अबोल, पण डोळ्यांतून काही सुटायचं नाही तिच्या. ती म्हणाली, "वन्सं, चारा एकदा कापून थोडाच संपतो? आम्ही कापतो, तो पुन्हा फुटतो, पुन्हा कापतो. पुढच्या कापण्यांचं काय?"

"तेही बघणार आहोत," ती म्हणाली. "ह्याच हंगामात."

भावाने केंद्रातून भिजवलेलं बियाणं नेलं आणि आधी घरामागच्या एका अरुंद पट्टीत पेरलं. शहाण्या माणसासारखं, थोडंच. इकडे काचघरात दुसरा प्रयोग लागला. ह्या वेळी रोपं पहिल्यांदा कापून पुन्हा फुटू द्यायची होती. पहिली कापणी दृष्ट लागावी अशी झाली. सरांनी फोटो काढून वर पाठवले. वरून शाबासकी आली, आणि तिच्या मागोमाग पत्रही आलं की हा प्रकल्प पाच वर्षांसाठी वाढवण्याचा विचार चालू आहे.

कापणीनंतर दहा दिवस झाले, तरी भिजवलेल्या बियाण्याच्या नळ्यांत फुटवा दिसेना. साध्या बियाण्याची जी काही रोपं वाचली होती ती रडतखडत का होईना फुटली. ही रोज सकाळी येऊन आधी त्या नळ्यांवर वाकायची. पंधरा दिवस झाले. चाळीसपैकी एकतीस नळ्या मुक्या. तिने एक चिरली. मुळाचा रंग तपकिरी, वरचा गड्डा चिमटीत दाबला तर पोकळ. ज्योत अशी पिवळी धमक उठली की तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मग दुसरी नळी चिरली. मग तिसरी. जाळीवर ती तिन्ही मुळं शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं. थांब म्हटल्यावर रोप थांबलं होतं. थांबलं म्हणून जगलं, पण थांबलं म्हणूनच मुळात शिदोरीही साठली नाही. कापल्यावर नव्याने फुटायला जी पुंजी लागते ती नव्हतीच. आणि तो निरोपही तोवर विरून गेलेला. मिठाला दार सताड उघडं.

तिने कच्ची वही उचलली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी वही पाहिली. चष्मा काढला, पुसला. "नळ्यांच्या खालची भोकं बुजली असणार. पाणी साचून मुळं कुजली."

"भोकं मी बघितली, सर. सगळी उघडी आहेत."

"मग वाळू नीट धुतलेली नसेल."

"वाळू मीच धुतली होती."

सर उठले. खिडकीबाहेर कुणीतरी हातगाडीवरून खताची पोती नेत होतं, तिकडे बघत म्हणाले, "बाई, चौदा वर्षं झाली ना तुम्हाला? तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी केलीय. ती ह्याच प्रकल्पातल्या जागेवर आहे. प्रकल्प वाढला तर जागा. उगाच दोन गोष्टींचा संबंध लावू नका, मी आपलं कानावर घालतोय. एका हंगामाच्या बिघडलेल्या नळ्यांवरून आपण इतक्या वर्षांचं काम पाण्यात घालायचं का? पुढच्या हंगामात पुन्हा लावू. तोवर ही वही तुमच्याकडेच राहू द्या."

ती वही घेऊन बाहेर आली. मनात म्हणाली, सर म्हणतात तसंही असेल. एक हंगाम म्हणजे काय? आणि मनातच दुसरं कुणीतरी म्हणालं, भोकं उघडी होती.

तीन दिवसांनी दुपारी भावाचा फोन आला. ती जिन्यात होती, हातात धुतलेल्या बाटल्यांची टोपली.

"ताई, उद्या ट्रॅक्टर येतोय," तो म्हणाला. आवाजात नुसती आनंदाची उकळी. "खालचा तुकडा मोडतो. घरामागच्या पट्टीत असं उगवलंय म्हणून सांगू, गायी कुंपणावरून माना काढून रांग लावतात! परवा कापतोय. म्हटलं, तुला विचारावं. तुमच्याकडे कसं आहे?"

तिने टोपली पायरीवर ठेवली. "बरं आहे. थोडा घोळ झाला होता दुसऱ्या कापणीला. सर म्हणतात नळ्यांचा दोष आहे."

"आणि तू काय म्हणतेस?"

वरच्या मजल्यावर टंकलेखिका कुणाशी तरी हसत होती. जिन्याच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता, त्यातला एक पोपडा तिने नखाने उचकटला. 'थांब रे' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पंधरा दिवस थांब, तुझ्या पट्टीची दुसरी फूट बघ, मग ठरव. ते म्हणायला सरांची परवानगी लागत नव्हती. कुणाला कळलंही नसतं. पण ते म्हटलं असतं तर नळ्यांची भोकं उघडी होती हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं, आणि मग उद्या सकाळी त्याच खोलीत जाऊन तोंड मिटून उभं राहता आलं नसतं.

"सर म्हणतात म्हणजे तसंच असणार," ती म्हणाली.

"मग मोडू ना?"

"मोड."

ट्रॅक्टरने दोन दिवसांत म्हातारा उपटून काढला. त्याच्या मुळ्या इतक्या जाड आणि गुंतलेल्या होत्या की नांगराचा एक फाळ वाकला. भावाने त्या गोळा करून बांधावर जाळल्या आणि सगळा तुकडा पेरला. लसूणघास उगवला, आणि काय उगवला! रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे. पहिल्या कापणीची पेंढी त्याने मुद्दाम बसमध्ये घालून केंद्रात आणली. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. त्याच आठवड्यात तिच्या हातात कायम नोकरीचा आदेश पडला. भाऊ म्हणाला, "बघ, दोघांचंही नशीब एकदमच फळफळलं."

तिने हसायचा प्रयत्न केला. घरामागच्या पट्टीची चौकशी करायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

ती पट्टी एव्हाना पिवळी पडायला लागली होती, पण एवढ्या आनंदात भाऊ म्हणाला, गायींनी तुडवली असेल. मग खालच्या तुकड्यातली दुसरी फूट विरळ आली. त्याने फोन केला, तिने गोडं पाणी दे म्हणून सांगितलं. त्याने विहीर उपसून दिलं. तिसऱ्या फुटीला रोपं बोटभर वर येऊन वाळली. जमीन उघडी पडली. उघडी पडली तसं ऊन थेट मातीला लागलं आणि खालचं मीठ पाण्यासोबत वर चढायला लागलं. दोन महिन्यांत त्या तुकड्यावर पिठासारखा पांढरा थर आला. भावाने वाट पाहिली की निदान म्हातारा तरी परत येईल. बांधाच्या कडेला चार-दोन काड्या आल्या, बाकी नाही. तो चिवटपणा जमिनीवर वर्षानुवर्षांचं पांघरूण घालून तयार झालेला होता. एकदा ओढून काढल्यावर ते पांघरूण कुणाला विणता येणार?

गायी आधी दोन विकल्या, मग चार. शेवटी दोन राहिल्या.

एका दुपारी भाऊ केंद्रात आला. ती जाळीपाशी होती. तो तिच्याशी न बोलता तिच्या शेजारी उभा राहून धार बघत राहिला, मग म्हणाला, "तुझ्या सरांना भेटायचंय."

सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. खत किती दिलं, पाण्याच्या पाळ्या किती, निचरा कसा, सगळं विचारलं. मग म्हणाले, "निचऱ्याचाच दोष दिसतो. पत्रकात आपण स्पष्ट म्हटलंय, निचऱ्याची जमीन निवडावी."

"साहेब, निचरा होत असता तर जमीन खारी झाली असती का?" भाऊ म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. मग तो दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे वळला. "ताई, मी फोन केला होता त्या दिवशी. दुसऱ्या कापणीला घोळ झाला म्हणालीस. काय झालं होतं?"

सर म्हणाले, "त्या नळ्या..."

"साहेब, मी हिला विचारतोय."

तिच्या ओल्या बुटांतून फरशीवर पाणी ओघळत होतं. आता खोटं बोलण्यात काही अर्थ राहिला नव्हता आणि खरं बोलण्यातही. तरी ती बोलली. "चाळीसपैकी एकतीस फुटली नाहीत. मुळं पोकळ निघाली. नळ्यांचा काही दोष नव्हता."

"हे तुला कधी कळलं?"

"तुझ्या फोनच्या तीन दिवस आधी."

सरांनी चष्मा काढला होता, पण पुसत नव्हते. भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याने शिवी दिली असती, हात उगारला असता, तर तिला सोसलं असतं. तो नुसता विचारात पडल्यासारखा बघत होता, जणू रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण कुठे पाहिलंय हे आठवेना.

"मला वाटलं होतं, चुकलं असेल तुमचं," तो शेवटी म्हणाला. "माणसाचं चुकतं. घरून निघताना मी बायकोला सांगून आलो होतो, ताईला बोल लावायचा नाही, तिलाही ठाऊक नसणार."

पेल्यातलं पाणी तसंच ठेवून तो उठून गेला.

तिला वाटलं, आता नोकरी जाणार. रात्रंदिवस तिने तीच वाट पाहिली, अगदी मनापासून. नोकरी गेली असती तर काहीतरी फिटलं असतं. पण कायम माणसाची नोकरी अशी जात नाही, आणि सरांना तर तिच्या हातांची गरज होती. दहा दिवसांनी ते स्वतः जाळीपाशी आले.

"बाई, ती कच्ची वही जपून ठेवलीय ना?"

"आहे."

"चांगलं झालं फेकली नाहीत. मी विचार करत होतो. आपल्याला जे अपयश वाटतंय ते खरं तर मोठं निरीक्षण आहे. कापणीनंतर ही ताकद का जाते, हे अजून कुणी नीट मांडलेलं नाही. तुमच्या एकतीस नळ्या आहेत, वर प्रत्यक्ष शेतातलं उदाहरण मिळालं तर निबंध एकदम वजनदार होईल." मग ते म्हणाले, "ह्या वेळी तुमचं नाव घालतोय मी. तिसरं."

प्रत्यक्ष शेतातलं उदाहरण म्हणजे कुणाचं शेत, हे विचारायची गरज नव्हती.

तिने दोन दिवस नाही म्हटलं. मग स्वतःलाच विचारलं, नाही कशासाठी? भावाच्या शेताचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पत्रक मात्र अजून गावोगाव वाटलं जात होतं. कुठेतरी कुणीतरी आपलं राठ गवत मोडायला ट्रॅक्टर सांगत असेल. ती शांतपणे सरांच्या खोलीत गेली. "मी जाते नमुने आणायला. पण जुनं पत्रक आजच्या आज थांबवा. नव्यात ठळक लिहायचं, की हे एकाच कापणीपुरतं आहे आणि उभं गवत मोडू नये. नाहीतर वही देणार नाही."

सर म्हणाले, "अहो, मी तेच म्हणणार होतो."

एका सकाळी ती माती काढायचा लोखंडी पाइप आणि पिशव्या घेऊन बसमधून उतरली. भावजयीने संमतीच्या कागदावर सही केली. कागद वाचला नाही. "बसा, वन्सं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. भाऊ गावातल्या दूध संकलनाच्या गाडीवर कामाला लागला होता, दुसऱ्यांचे कॅन उचलायला. दुपारपर्यंत येणार नव्हता.

खालच्या तुकड्यावर पाय ठेवला की करकर वाजत होतं. तिने पाइप रोवला. पांढऱ्या थराखालची माती दगडासारखी झाली होती. पाइप चार बोटं जाऊन अडला. तिने आपलं सगळं वजन टाकलं, तरी जाईना. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मागून पावलं वाजली. भाऊ लवकर आला होता. बांधावर थोडा वेळ उभा राहिला, मग खाली उतरला आणि तिच्या हातातून पाइप घेतला. एका दमात हातभर खाली दाबला, फिरवून वर काढला, माती पिशवीत पाडून दिली. मग दुसऱ्या खुणेकडे गेला. बारा ठिकाणचे नमुने त्याने काढून दिले. ती पिशव्यांवर क्रमांक लिहीत त्याच्या मागून चालत राहिली.

शेवटच्या खुणेपाशी ती म्हणाली, "कुणाचं शेत ते कागदात येणार नाही. नुसता क्रमांक आहे."

"बरं झालं."

"नवीन पत्रक निघतंय. त्यात लिहायला लावलंय मी, की जुनं गवत..."

"चांगलं केलंत," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. जन्मापासून तो तिला तू म्हणत आला होता. पाच वर्षांचा असताना तिच्या पाठीवर बसून ओढा ओलांडताना, वडिलांच्या मर्तिकाला, परवापरवा फोनवर. तिला वाटलं, चुकून गेला असेल शब्द.

त्याने पाइपची माती झटकली आणि तिच्या हातात दिला. "बस सव्वाची आहे. चहा घेऊन जा. म्हणजे," तो अडखळला, आणि मग नीट, सावकाश म्हणाला, "घ्याल ना तुम्ही?"

पुढच्या वर्षी निबंध छापून आला. तिसरं नाव तिचं होतं, पूर्ण, आडनावासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा केंद्रातल्या लोकांना ते कळलं, आणि चार दिवस काहीजण तिला त्या नावाने हाक मारायचे. सरांना वरचं पद मिळालं. नवीन पत्रकामुळे दोन गावांतल्या लोकांनी आपली कुरणं मोडायची थांबवली, असं कानावर आलं. ते खरं असावं, असं तिला फार वाटतं.

माहेरी ती अजून जाते, दर सुटीला. तिला कुणी टाकून बोलत नाही. दारात बूट काढायच्या आत भावजय सतरंजी झटकून टाकते. भाऊ समोरच्या खुर्चीवर ताठ बसून विचारतो, प्रवास बरा झाला ना. चहा रोजच्या कपात नाही, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नव्या कपात येतो, बशीसकट. ती संपूर्ण पिते. मग तिघंही गप्प बसतात, आणि बस यायला अजून बराच अवकाश असतो.